भट्टीची धग मोजणारा एका पायाचा कुंभार : जोसाया वेजवुड

कुंभाराची खरी परीक्षा चाकावर होत नाही, ती भट्टी उघडताना होते. माती कालवली, भांडी घडवली, वाळवली, रचली, जाळ लावला. तिथपर्यंत सगळं हातात असतं. एकदा भट्टीचं तोंड लिंपलं की आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही. धग कमी पडली तर भांडं कच्चं राहतं, पाणी झिरपतं. जास्त झाली तर भांडं वाकतं, बसतं, शेजारच्याला चिकटतं. आपल्याकडची लाल मडकी साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान भाजून निघतात. त्यात थोडं इकडंतिकडं झालं तरी निभावतं. पण भांड्यावर काचेसारखी झिलई चढवायची असेल, तर पन्नासेक अंशांचा फरकसुद्धा अख्खी भट्टी वाया घालवू शकतो.

अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका कुंभाराने या धगीचा पिच्छा पुरवला. तिला मोजायचंच, असा त्याचा हट्ट होता. त्याचं नाव जोसाया वेजवुड. आज हे नाव महागड्या कपबश्यांमुळे माहीत आहे. पण त्या कपबश्यांमागे कितीतरी फसलेल्या भाजण्या, एक कापलेला पाय आणि विज्ञानाच्या इतिहासातली एक मोठी चूकही आहे.

पिढीजात धंदा, अधू गुडघा

जोसायाचा जन्म १७३० सालचा, स्टॅफर्डशायर परगण्यातल्या बर्स्लेम या गावचा. त्याचा बाप्तिस्मा १२ जुलै १७३० रोजी झाला. घरात मुलांची रांग, आणि हा सगळ्यात धाकटा. वडील थॉमस कुंभार, आजोबाही कुंभार. बर्स्लेमच्या आसपास माती मुबलक आणि जमिनीखाली दगडी कोळसा. त्यामुळे अख्खा परिसरच भांडी भाजण्यावर जगायचा. घरांच्या मधूनच बाटलीच्या आकाराच्या विटांच्या भट्ट्या उभ्या असायच्या आणि त्यांच्या धुराने गाव काळवंडलेलं असायचं.

१७३९ मध्ये वडील गेले. जोसाया तेव्हा नऊ वर्षांचा. शाळा सुटली आणि पोरगं घरच्या कामाला लागलं. थोड्याच वर्षांत देवीची साथ आली. त्यातून तो वाचला, पण उजवा गुडघा कायमचा अधू झाला. १७४४ मध्ये थोरल्या भावाकडे तो पाच वर्षांच्या करारावर रीतसर उमेदवारीला लागला. चाकावर त्याचा हात उत्तम बसला होता. पण पायाने रेटायचं चाक दुखऱ्या गुडघ्याला झेपेना. कुंभाराच्या पोराला चाक सोडावं लागलं.

मग तो दुसऱ्या कामांकडे वळला. साचे करणं, मातीची मिश्रणं जुळवणं, झिलई कालवणं, भाजून काय निघतं ते बघणं. भावाला मात्र ही थेरं वाटली. उमेदवारी संपल्यावरही त्याने जोसायाला धंद्यात भागीदार करून घेतलं नाही.

डोळ्यांवर चालणारा धंदा

त्या काळी भाजणी कशी चालायची, हे समजून घेतलं तरच पुढची गोष्ट कळेल. चांगल्या पांढऱ्या भांड्यांची भाजणी दोनदा होई. पहिल्या भाजणीत कोरं भांडं पक्कं पण सच्छिद्र करून घ्यायचं. मग ते झिलईच्या पातळ लगद्यात बुडवायचं आणि दुसऱ्यांदा भट्टीत घालायचं. या झिलईत मुख्यतः शिसं आणि बारीक दळलेली गारगोटी असायची. दुसऱ्या भाजणीत ती वितळून भांड्यावर काचेसारखी पसरायची. कोळशाचा धूर आणि राख लागू नये म्हणून भांडी जाड मातीच्या डब्यांत ठेवत आणि ते डबे एकावर एक रचत.

भट्टी दोन-तीन दिवस पेटती राहायची आणि पुढे थंड व्हायलाही वेळ लागायचा. या काळात भट्टीवाल्याकडे मोजायचं साधन म्हणजे त्याचे डोळे. आतला उजेड काळपट लाल आहे, नारिंगी रंगाच्या जवळ आलाय, की पिवळा-पांढरा झालाय, यावरून तो अंदाज बांधायचा. पाऱ्याची तापमापी तेव्हा होती, पण पारा ३५७ अंश सेल्सिअसलाच उकळतो. भट्टी त्याच्या तिप्पट तापते. तिथे त्या तापमापीचा काय उपयोग?

अनुभवी भट्टीवाल्याचा अंदाज बऱ्याचदा बरोबर यायचा. पण दिवसा उजेडात दिसणारा लाल रंग आणि रात्री दिसणारा लाल रंग सारखा नसतो. दमलेला माणूस आणि ताजातवाना माणूसही सारखं बघत नाही. शिवाय एकाच भट्टीत माथ्याला एक धग, बुडाला वेगळी. अंदाज चुकला की कित्येक आठवड्यांची मेहनत, कोळसा आणि माल, सगळं एकदम पाण्यात.

वहीतला पहिला प्रयोग

१७५४ मध्ये वेजवुड थॉमस व्हील्डन या नावाजलेल्या कुंभाराचा भागीदार झाला. व्हील्डनने त्याला प्रयोगांची मोकळीक दिली. तेव्हा त्या भागातल्या पांढऱ्या भांड्यांचे भाव घसरत चालले होते आणि गिऱ्हाईक नव्या मालाच्या शोधात होतं. फेब्रुवारी १७५९ मध्ये वेजवुडने एक वही घातली. प्रत्येक प्रयोगाला क्रमांक, मिश्रणाचं प्रमाण आणि निकाल. स्पर्धकांच्या हाती लागलं तरी कळू नये म्हणून घटकद्रव्यांना त्याने आकडे दिले होते. त्यातला सातवा प्रयोग हिरव्या झिलईचा. ती झिलई साधली आणि फुलकोबीच्या, अननसाच्या आकाराची हिरवी-पिवळी भांडी बाजारात चालली.

त्याच वर्षी त्याने बर्स्लेममध्ये नातेवाइकांची जागा भाड्याने घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. डोक्यात एकच विषय होता, फिकट सायीच्या रंगाचं, हलकं, स्वच्छ भांडं. हा प्रकार आधीपासून बनत होता, पण माल एकसारखा निघत नसे. एक खेप पिवळी, दुसरी करडी. झिलईवर बारीक तडे पडायचे.

हे तडे का पडतात? गरम झाल्यावर माती आणि झिलई दोन्ही प्रसरण पावतात, थंड होताना दोन्ही आकसतात. झिलई मातीपेक्षा जास्त आकसली की ती ताणली जाते आणि तिला जाळीदार चिरा जातात. पहिल्या भाजणीत भांडं पुरतं भाजलं गेलं नसेल तर हा दोष वाढतो. म्हणजे झिलई कितीही चांगली कालवली तरी आधीच्या भाजणीची धग चुकली की ती फसणारच. वेजवुडने मातीत गारगोटीची पूड आणि नंतर कॉर्नवॉलची पांढरी माती वापरून मिश्रण सुधारलं. पहिली भाजणी साधारण ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि झिलईची त्याहून कमी धगीवर, असं हे गणित बसतं. त्याच्याकडे अर्थातच हे आकडे नव्हते. त्याच्याकडे होती वही आणि शेकडो फसलेले तुकडे.

१७६५ मध्ये राणी शार्लटकडून चहाच्या भांड्यांची मागणी आली. सोनेरी पार्श्वभूमीवर उठावाची हिरवी फुलं हवी होती. काम किचकट होतं, पण वेजवुडने ते अंगावर घेतलं आणि पार पाडलं. पुढच्या वर्षी त्याला राणीचा कुंभार म्हणवून घ्यायची परवानगी मिळाली. सायीच्या रंगाच्या त्या भांड्यांना राणीचं नाव लागलं आणि सामान्य घरांतूनही त्यांना मागणी सुरू झाली.

पाय गेला, कारखाना उभा राहिला

धंदा वाढत होता आणि गुडघा बिघडत होता. १७६२ मध्ये लिव्हरपूलला जाताना वाटेत त्याला दुखापत झाली आणि तिथे बिछान्यावर पडून राहावं लागलं. त्या मुक्कामात थॉमस बेंटली या व्यापाऱ्याशी त्याची ओळख झाली आणि पुढे तो जिवाभावाचा मित्र आणि भागीदार बनला. पण पायाचं दुखणं काही थांबेना. अखेर २८ मे १७६८ रोजी उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती, अफूचा अर्क हाच काय तो आधार. वयाची अडतिशी गाठायच्या आतच त्याला लाकडी पाय बसवावा लागला. काही आठवड्यांत तो पुन्हा कामावर हजर.

त्याच काळात त्याने बर्स्लेमजवळ एट्रुरिया नावाचा नवा कारखाना उभारला. जून १७६९ मध्ये तो सुरू झाला. त्याआधीपासून ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या कालव्यासाठी त्याने जिवाचं रान केलं होतं. खडबडीत रस्त्यांवरून घोड्यांच्या पाठीवर भांडी न्यायची म्हणजे वाटेतच निम्मी फुटायची भीती. १७६६ मध्ये त्या कालव्याचं पहिलं ढेकूळ त्यानेच उकरलं आणि १७७७ मध्ये कालवा पूर्ण झाला. कारखान्याच्या दाराशीच बोट लागू लागली.

कारखान्यात कामाची वाटणी ठरलेली होती. घडवणारा वेगळा, झिलईत बुडवणारा वेगळा, भट्टी लावणारा वेगळा. वेळेसाठी घंटा वाजायची. शिस्त कडक होती. लाकडी पायाने ठकठक करत मालक फिरायचा आणि खोट दिसली तर भांडं तिथंच फोडून टाकायचा, असं सांगतात.

याची एक काळी बाजूही आहे. झिलईत हात बुडवणाऱ्या कामगारांच्या अंगात शिसं भिनायचं. पोटात कळा यायच्या, हाताचे पंजे लुळे पडायचे. दळलेल्या गारगोटीची धूळ फुप्फुसं खायची. हा त्रास एकट्या एट्रुरियात नव्हता, त्या अख्ख्या भागात होता. शिशाच्या वापरावर कायद्याचा लगाम यायला पुढे शंभराहून अधिक वर्षं गेली. चकचकीत झिलईची ही किंमत कुणीतरी मोजत होतं.

हजारो तुकडे, प्रत्येकाची जागा ठरलेली

१७७० च्या दशकात वेजवुडने सगळ्यात अवघड काम हाती घेतलं. झिलई न लावताच गुळगुळीत दिसेल, मातीतच रंग मुरलेला असेल आणि त्यावर पांढरी नक्षी उठून दिसेल, असं भांडं त्याला हवं होतं. त्यासाठी त्याने बेरियम असलेलं एक जड खनिज मातीत मिसळून पाहिलं. निळ्या रंगासाठी कोबाल्ट. एक तुकडा सुरेख निघायचा, तर त्याच मिश्रणाचा दुसरा फुगायचा, तडकायचा किंवा वितळायचा.

त्याने छोटे छोटे तुकडे करून हजारो चाचण्या घेतल्या. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुकडा भट्टीत कुठे ठेवायचा तेही त्यावर खुणेने लिहिलेलं. पहिल्या भाजणीच्या भट्टीत की झिलईच्या, अगदी माथ्याला की आणखी कुठे. एकाच भट्टीत धग सगळीकडे सारखी नसते, हे प्रत्येक कुंभाराला माहीत होतं. वेजवुडने ते लिहून ठेवलं, म्हणून त्याला त्याचा उपयोग करून घेता आला. १७७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जास्पर नावाने ओळखली जाणारी ही भांडी जमली. निळ्यावर पांढरी नक्षी ही वेजवुडची ओळख तिथूनच.

याच सुमारास रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्यासाठी त्याने ९५२ नगांचा जेवणाचा संच तयार केला. सायीच्या रंगाच्या त्या भांड्यांवर इंग्लंडमधली हजाराहून अधिक दृश्यं हाताने रंगवली होती. १७७४ मध्ये तो संच पूर्ण झाला.

धग मोजायची युक्ती

जास्परने एक गोष्ट पक्की शिकवली. मिश्रण लिहून ठेवता येतं, पण धग लिहून ठेवता येत नाही. लाल, पिवळा, पांढरा या शब्दांवर भरवसा ठेवून पुढची भाजणी हुबेहूब करता येत नाही.

उपाय त्याला मातीतच सापडला. भाजताना माती आकसते. आधी तिच्यातलं पाणी निघून जातं, मग कण एकमेकांना चिकटून जवळ येतात. धग जास्त, तर आकसणं जास्त. एकदा आकसलेली माती थंड झाल्यावर पुन्हा फुगत नाही. म्हणजे भट्टीत काय घडलं याची खूण त्या तुकड्यात कायमची राहते.

त्याने एकाच मातीचे, एकाच मापाचे छोटे तुकडे बनवले. त्यांच्यासाठी पितळेची मोजपट्टी केली. तिच्या दोन कडा २४ इंच लांब, एका टोकाला अर्धा इंच अंतरावर आणि दुसऱ्या टोकाला ०.३ इंच. या लांबीचे २४० भाग पाडले. भट्टीतून काढलेला तुकडा थंड करून या निमुळत्या फटीत सरकवायचा. जितका जास्त आकसला असेल तितका पुढे जाईल, आणि जिथे अडेल तो आकडा म्हणजे धग. शून्याची खूण त्याने लालभडक तापण्याच्या सुरुवातीला ठेवली.

मे १७८२ मध्ये हा शोध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. पुढच्याच वर्षी सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं. नवव्या वर्षी शाळा सुटलेला कुंभार देशातल्या नामवंत शास्त्रज्ञांच्या रांगेत बसला. प्रयोगशाळा चालवणारे लोक आता भट्टीच्या धगीबद्दल आकड्यांत बोलू लागले.

आकडा चुकला

पण इथेच एक गफलत झाली. आपले अंश फॅरनहाइटच्या अंशांशी जोडावेत म्हणून वेजवुडने चांदीच्या तुकड्याचं प्रसरण मधला दुवा म्हणून वापरलं. त्यावरून त्याचा हिशेब असा निघाला की शून्य अंश म्हणजे सुमारे १०७७ फॅरनहाइट आणि पुढचा प्रत्येक अंश १३० फॅरनहाइटचा. या हिशेबाने चांदी वितळायला सुमारे ४७१७ अंश फॅरनहाइट लागतात, म्हणजे जवळजवळ २६०० अंश सेल्सिअस. प्रत्यक्षात चांदी ९६१ अंश सेल्सिअसलाच वितळते. बिडाचा आकडा तर त्याहून भलताच वर गेला, सुमारे १०,००० अंश सेल्सिअसच्या घरात. खरा आकडा १२०० च्या आसपास.

चूक कुठे होती? माती सगळ्या टप्प्यांवर सारख्या प्रमाणात आकसत नाही. काही टप्प्यांत हळू, काही ठिकाणी झपाट्याने. शिवाय तीच धग जास्त वेळ दिली तर तुकडा आणखी आकसतो. पहिल्या मातीचा साठा संपल्यावर आणलेली माती तशीच आकसेना, तेव्हा तर त्याची आणखी धांदल उडाली. नंतरच्या पिढीतल्या शास्त्रज्ञांनी हे आकडे खोडून काढले.

तरीही भट्टीवर ती पट्टी कामाची होती. कुंभाराला चांदीचा वितळबिंदू नको असतो. मागच्या वेळी ज्या धगीवर माल चांगला निघाला, त्याच धगीला आज भट्टी पोचली का, एवढंच त्याला हवं असतं. तिथे हा तुकडा चालायचा. उलट जास्त वेळ तापवलं की जास्त आकसतो, हा शास्त्रज्ञांच्या लेखी असलेला दोष कुंभाराच्या लेखी गुणच होता. कारण भांडंसुद्धा नुसत्या अंशांवर भाजत नाही, धग आणि वेळ या दोन्हींवर भाजतं.

शेवटची वर्षं

१७८० मध्ये बेंटली वारला आणि वेजवुड एकटा पडला. पण काम थांबलं नाही. १७८६ मध्ये त्याने एक प्राचीन रोमन काचेचं भांडं उसनं आणलं. पोर्टलंडच्या ड्यूककडचं ते भांडं गडद निळ्या काचेचं आणि त्यावर पांढऱ्या आकृत्या. त्याची जास्परमध्ये हुबेहूब प्रतिकृती करायला त्याला तीन-चार वर्षं लागली. काळं भांडं आणि वरची पांढरी नक्षी भट्टीत अगदी सारखी आकसली पाहिजेत, नाहीतर नक्षी उचकटते किंवा भांडं तडकतं. कित्येक प्रती फोड येऊन वाया गेल्या. १७९० मध्ये चांगली प्रत लोकांपुढे ठेवली गेली.

याच हातांनी त्याने १७८७ मध्ये आणखी एक काम केलं. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध चळवळ सुरू झाली होती. वेजवुडने साखळदंडात गुडघे टेकून बसलेल्या गुलामाची छोटी जास्परची पदकं काढून फुकट वाटली. लोक ती कपड्यांवर, केसांत, डब्यांच्या झाकणांवर मिरवू लागले आणि बिनपैशाचा प्रचार घरोघर पोचला.

३ जानेवारी १७९५ रोजी एट्रुरियातच त्याचं निधन झालं. त्याची मुलगी सुझाना हिचा मुलगा म्हणजे उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा चार्ल्स डार्विन. आजोबा गेल्यानंतर चौदा वर्षांनी तो जन्मला.

१८८६ मध्ये जर्मनीत हर्मान सेगर यांनी ठरावीक धगीला वाकणारे मातीचे छोटे सुळके तयार केले. जगभरच्या भट्ट्यांत आजही तसे सुळके ठेवतात. भाजल्यावर किती आकसल्या ते मोजायच्या मातीच्या कड्याही काही कारखान्यांत वापरतात. विजेवर चालणारी तापमापकं आली, तरी भांड्यांच्या शेजारी मातीचाच साक्षीदार बसवायची ही रीत गेलेली नाही. वेजवुडच्या चाचण्यांचे ते क्रमांक घातलेले तुकडे स्टॅफर्डशायरमधल्या बार्लस्टन गावच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत. त्यात नीट भाजलेले आहेत आणि फसलेलेही.